आपसात ठरलेला भाव



चर्चचे छप्पर गळू लागले, शाळेला रंग द्यायचा झाला किंवा दफनभूमीची भिंत बांधायची झाली की आपली आर्थिक समिती तीन कोटेशने मागवते. नियम जुना आहे आणि चांगला आहे. त्यामागे एक साधा विश्वास आहे. तिघेही वेगवेगळे धंदेवाले आहेत, एकमेकांना न विचारता ते आपापला भाव लिहितील आणि त्यांच्या चढाओढीतून आपल्याला रास्त भाव मिळेल. पण समजा, ते तिघे आदल्या संध्याकाळी एकाच टेबलाशी बसले असतील तर? एकाने चार लाख लिहायचे, दुसऱ्याने सव्वाचार, तिसऱ्याने साडेचार. या वेळचे काम पहिल्याचे, पुढच्या वेळचे दुसऱ्याचे. आपल्या हाती तीन लिफाफे येतात, तीन वेगळ्या लेटरहेडवर, तीन वेगळ्या सह्यांनिशी. समिती बसते, चर्चा करते, सर्वात कमी भाव निवडते, ठराव लिहिते. सगळे नियमाप्रमाणे होते. निवड मात्र आदल्या संध्याकाळीच होऊन गेलेली असते.

कंत्राटदारांच्या भाषेत याला रिंग म्हणतात. मोठ्या उद्योगांच्या बाबतीत कार्टेल हा शब्द वापरतात. आपल्या मराठीत संगनमत किंवा साटेलोटे. नाव काहीही दिले तरी प्रकार एकच : ज्यांनी एकमेकांशी स्पर्धा करायची ते आतून एक होतात आणि बाहेरून वेगळे दिसत राहतात.

यावर धंद्यातली माणसे एक प्रश्न विचारतात, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. त्यांचे म्हणणे असे : यात पाप कोणते? आम्ही कोणावर बळजबरी केली नाही. खोटा माल दिला नाही, वजनात मारले नाही. माल आमचा, भाव आमचा. परवडत नसेल तर घेऊ नका. आणि कामगारांची युनियन, मच्छीमारांची सोसायटी, शेतकऱ्यांचा संघ, ही माणसेही एकत्र येऊन भावच ठरवतात ना? त्यांच्या कार्यालयाला आशीर्वाद द्यायला फादर जातात, आणि आम्ही एकत्र बसलो तर ते पाप कसे?

उत्तर शोधण्यासाठी आपण शंभर वर्षे मागे जाऊ. गोष्ट विजेच्या दिव्याची आहे, आपल्या सर्वांच्या घरी एके काळी लागत असलेल्या त्या पिवळ्या बल्बची.

डिसेंबर १९२४ मध्ये, नाताळच्या तोंडावर, स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा शहरात जगातल्या मोठ्या बल्ब कंपन्यांची माणसे जमली. जर्मनीची ओसराम, हॉलंडची फिलिप्स, फ्रान्सची कॉम्पानी दे लाम्प, हंगेरीची तुंगस्राम, जपानची तोक्यो इलेक्ट्रिक अशी ही नावे होती. अमेरिकेची जनरल इलेक्ट्रिक स्वतः सभासद नव्हती, पण तिच्या परदेशातील कंपन्यांमार्फत तिचा हात त्यात होता. त्यांनी जी संघटना उभी केली तिला फीबस हे नाव दिले. फीबस म्हणजे ग्रीकांचा प्रकाशाचा देव. (नाव प्रकाशाचे आणि कारभार पडद्याआडचा, हे त्यांच्या लक्षात आले नसावे.) कोणत्या देशाची बाजारपेठ कोणाची आणि कोणी किती बल्ब विकायचे ते ठरले. पण सर्वात विलक्षण ठराव बल्बच्या आयुष्याविषयीचा होता. त्यापूर्वी बाजारात १५०० ते २००० तास चालणारे बल्ब मिळत. यापुढे बल्ब १००० तास चालावा, असे ठरले.

हा ठराव अंमलात कसा आणला ते पाहण्याजोगे आहे. प्रत्येक कारखान्याने आपल्या बल्बचे नमुने ठराविक काळाने स्वित्झर्लंडमधील मध्यवर्ती प्रयोगशाळेत पाठवायचे. तिथे ते जाळून पाहायचे. ज्याचे बल्ब ठरल्यापेक्षा फार जास्त दिवस टिकतील त्या कंपनीला दंड, तोही स्विस फ्रँकमध्ये. जरा विचार करा. एखाद्या कारखान्यातील हुशार तंत्रज्ञ वर्षभर खपून बल्ब अधिक टिकाऊ करतो, आणि त्याबद्दल त्याच्या मालकाला दंड होतो. साहजिकच पुढच्या वर्षी त्याच तंत्रज्ञाला उलट दिशेने काम करायला बसवतात : बल्ब वेळेवर कसा जाईल ते शोध. आणि ते त्याने शोधले. १९२६ साली या मंडळींच्या बल्बचे सरासरी आयुष्य १८०० तास होते. १९३३-३४ पर्यंत ते १२०५ तासांवर आले. लोकांनी बल्ब अधिक वेळा विकत घेतले. हा करार १९५५ पर्यंत चालायचा होता, पण दुसऱ्या महायुद्धाने तो मोडला. शत्रुराष्ट्रांतील कंपन्यांना एका टेबलाशी बसणे अशक्य झाले.

जुन्या करारातील आमोस संदेष्टा आपल्या काळच्या व्यापाऱ्यांवर जो आरोप करतो तो इथे आठवतो. धान्य मोजायचे माप लहान करायचे आणि पैसे तोलायचे वजन मोठे करायचे, असे ते करीत. फीबसच्या मंडळींनी तासांचे माप लहान केले. फरक एवढाच की आमोसच्या काळी लबाड व्यापाऱ्याशेजारी एखादा सरळ व्यापारी बसलेला असण्याची शक्यता होती, आणि गिऱ्हाईक उठून त्याच्याकडे जाऊ शकत होते.

आता न्यायाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बल्बची तार जितकी कमी तापवावी तितकी ती जास्त टिकते, पण उजेड कमी पडतो आणि त्या उजेडाच्या मानाने वीज जास्त खर्ची पडते. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील लिव्हरमोर गावच्या अग्निशामक केंद्रात १९०१ साली लावलेला एक बल्ब शंभर वर्षांहून अधिक काळ जळत राहिला. लोक तो कौतुकाने पाहायला जातात. पण त्याचा उजेड जेमतेम ४ वॅटच्या दिव्याएवढा, त्याखाली बसून कोणाला पुस्तक वाचता येणार नाही. ब्रिटिश सरकारच्या मक्तेदारी आयोगाने १९५१ च्या आपल्या अहवालात म्हटले की आयुष्य, उजेड आणि विजेचा खर्च यांचा मेळ घालता १००० तास ही मर्यादा तशी वाजवी होती. म्हणजे कंपन्यांकडे देण्यासारखे कारण होते.

तरीही आम्हांला वाटते, खरी मेख इथेच आहे. कारण इतके चांगले होते तर ते गिऱ्हाइकाला सांगायला काय हरकत होती? दुकानात दोन बल्ब ठेवायचे : एक मंद पण दोन हजार तासांचा, दुसरा लख्ख पण एक हजार तासांचा. घ्या तुम्हाला हवा तो. गल्लीतल्या वाटेवर रात्रभर जळणाऱ्या दिव्याला मंद उजेड पुरतो, अभ्यासाच्या टेबलाला पुरत नाही. हे घरातल्या बाईला कंपनीच्या संचालकापेक्षा चांगले कळते. आणि एक हजार तासच सर्वांना हवे असते तर दंड कशाला लागला असता? माणसे आपखुशीने ज्या वाटेने जातात तिथे कोणी चौकीदार बसवीत नाही.

कार्टेलमुळे गिऱ्हाइकाच्या खिशातून पाच-दहा रुपये जास्त जातात, हे नुकसान खरे आहे आणि गरिबाच्या घरात ते लहान नाही. पण त्याहून खोल असे काही हिरावले जाते. दुकानात चार वस्तूंपैकी एक उचलताना आपण विचार करतो, ताडून पाहतो, ठरवतो. ती आपल्या बुद्धीची आणि इच्छाशक्तीची, म्हणजे देवाने माणसाला माणूस म्हणून जे दिले त्याची, एक छोटी कृती असते. समोरच्या चौघांनी आधीच एकमत केलेले असेल तर आपली ती कृती नाटकातल्या पात्रासारखी होते. संवाद आपण बोलतो, लिहिलेले दुसऱ्याने असतात. चोरी आणि असत्य, सातवी आणि आठवी आज्ञा, इथे एकत्र मोडल्या जातात. चार वेगवेगळ्या पाट्या लावून चौघे मिळून गिऱ्हाइकाला एकच खोटे सांगत असतात : आम्ही वेगळे आहोत.

संत थॉमस अक्वायनस यांनी खरेदी-विक्रीतील फसवणुकीवर एक संपूर्ण प्रकरण लिहिले आहे. त्यात एक जुने उदाहरण येते. दुष्काळी गावात एक व्यापारी धान्य घेऊन पोहोचतो. मागून आणखी व्यापारी येत आहेत हे त्याला ठाऊक आहे, गावाला नाही. ते त्याने सांगितलेच पाहिजे का? थॉमस यांचे उत्तर अनेकांना चकित करते. सांगितले तर तो त्याचा मोठेपणा, पण चालू भावाने विकून तो गप्प राहिला तर न्यायाचा भंग होत नाही, असे ते म्हणतात. सेमिनरीत आम्ही हे शिकलो तेव्हा वर्गात बराच वाद झाला होता. पण नीट पाहिले तर कळते की थॉमस यांच्या त्या व्यापाऱ्याचे मौन एकट्याचे आहे. मागचे व्यापारी खरोखरच येत आहेत. उद्या ते पोहोचतील आणि भाव उतरेल. त्याने वाटेत थांबून त्या सर्वांना गाठले असते आणि 'तुम्ही दोन महिने पलीकडच्या गावी मुक्काम करा, नफा वाटून घेऊ' असे ठरवले असते, तर संत थॉमस यांनी त्याला इतक्या सहज सोडले असते असे आम्हांला वाटत नाही.

कायदा तर थॉमस यांच्या कितीतरी आधीपासून या बाबतीत कडक होता. इ. स. ४८३ मध्ये रोमन सम्राट झेनो याने फर्मान काढून कपडे, खाद्यपदार्थ आणि रोजच्या वापराच्या वस्तूंची मक्तेदारी व त्यांच्या भावाबाबतचे आपसातील करार यांना बंदी घातली. शिक्षा होती मालमत्तेची जप्ती आणि कायमची हद्दपारी. आपल्या कोळी बांधवांना गंमत वाटेल, त्या फर्मानात मासळीचा आणि शिंपल्यांचा उल्लेख नावाने आहे. एका कारागिराने अर्धवट सोडलेले काम दुसऱ्याने हाती घ्यायचे नाही, असे कारागीर आपसात ठरवीत, त्यालाही तिथे मनाई आहे. म्हणजे घरमालकाला अडवून धरायची ही युक्तीही दीड हजार वर्षांची जुनी आहे.

आपल्या देशातही हा विषय दूरचा नाही. २००२ साली स्पर्धा कायदा झाला आणि त्याखाली भारतीय स्पर्धा आयोग स्थापन झाला. या आयोगाने जून २०१२ मध्ये ११ सिमेंट कंपन्या आणि त्यांची संघटना यांना मिळून सुमारे ६३०० कोटी रुपये दंड ठोठावला. आयोगाचा निष्कर्ष असा की कंपन्यांनी संघटनेच्या व्यासपीठावरून भावाची आणि उत्पादनाची माहिती एकमेकांना दिली आणि उत्पादन हात राखून केले. कारखान्यांच्या क्षमतेचा वापर २००९-१० मध्ये ८३ टक्के होता, तो २०१०-११ मध्ये ७३ टक्क्यांवर आला. गोणी बनवायची ताकद होती पण बनवली नाही, म्हणजे बाजारात गोणी कमी आणि भाव चढा. कंपन्यांनी हे मान्य केले नाही. २०१५ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो आदेश रद्द करून प्रकरण आयोगाकडे परत पाठवले, २०१६ मध्ये आयोगाने पुन्हा दंड केला, २०१८ मध्ये अपिलात तो कायम झाला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. म्हणून इथे कोणा कंपनीकडे बोट दाखवणे प्रशस्त होणार नाही. पण आपल्या वाडीत त्या वर्षांत ज्यांनी घर बांधायला काढले होते त्यांना, स्लॅब कशामुळे पावसाळ्यापुढे गेला, हे वेगळे सांगायला नको. नीतिसूत्रांत धान्य दाबून ठेवणाऱ्याला लोक शाप देतात आणि ते विकणाऱ्याला आशीर्वाद देतात, असे सांगितले आहे. सिमेंट खाता येत नाही, पण डोक्यावरचे छप्पर हीदेखील भूकच आहे.

कधी कधी संगनमत भावाविषयी नसतेच. जर्मनीतील मोटार कंपन्यांचे प्रकरण या दृष्टीने फार बोलके आहे. डिझेल गाडीच्या धुरातील विषारी नायट्रोजन ऑक्साइड कमी करण्यासाठी ॲडब्लू नावाचे एक द्रावण धुरात सोडतात. त्यासाठी गाडीत वेगळी टाकी लागते. टाकी मोठी आणि द्रावण पुरेसे असले तर धूर कायद्याने सांगितले आहे त्याहूनही स्वच्छ करता येतो. तसे तंत्रज्ञान या कंपन्यांकडे होते. परंतु २००९ ते २०१४ या काळात डाइमलर, बीएमडब्ल्यू आणि फोक्सवॅगन समूह यांच्या माणसांनी तांत्रिक बैठकांत बसून टाकीचा आकार आणि द्रावणाचा वापर याबद्दल आपसात समझोता केला. कायद्याच्या किमान मर्यादेपलीकडे जाऊन स्वच्छतेची चढाओढ कोणी करायची नाही. जुलै २०२१ मध्ये युरोपीय आयोगाने बीएमडब्ल्यू आणि फोक्सवॅगन समूहाला मिळून ८७.५ कोटी युरो दंड केला. डाइमलरने प्रकार उघड केला म्हणून तिला माफी मिळाली.

यात कायद्याचा धुराचा नियम कोणी मोडला नव्हता, गिऱ्हाइकाला गाडीही ठरलेलीच मिळाली. नुकसान झाले ते रस्त्याकडेच्या घरात श्वास घेणाऱ्या लेकराचे, ज्याने कधी गाडी विकत घेतली नाही. तालंतांच्या दाखल्यातील तिसऱ्या चाकराने भीतीपोटी आपले तालंत जमिनीत पुरून ठेवले. इथे तिघा हुशार चाकरांनी मिळून खड्डा खणला, जेणेकरून मालकाला एकाची दुसऱ्याशी तुलनाच करता येऊ नये. नवे शोध का लागत नाहीत, वस्तू वर्षानुवर्षे तशाच का राहतात, याचे एक कारण असे जमिनीखाली असते. जे झालेच नाही ते कोणाला दिसत नाही, म्हणून त्याची तक्रारही कोणी करीत नाही.

याच प्रकरणात आणखी एक गोष्ट घडली, ती आपल्या मूळ प्रश्नाला उपयोगी आहे. या कंपन्यांनी द्रावण भरायच्या तोंडाचा एकसारखा आकारही ठरवला होता. त्याला आयोगाने हरकत घेतली नाही. कोणत्याही पंपावर कोणतीही गाडी भरता यावी हे सर्वांच्या सोयीचे आहे. म्हणजे एकत्र बसणे हा गुन्हा नाही. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ मध्ये आपल्या परिपत्रकातून कामगारांच्या संघटना करण्याच्या हक्काला पाठिंबा दिला, तो ख्रिस्तसभेने कधी मागे घेतलेला नाही. एकट्या कामगाराला आणि मालकाला समोरासमोर उभे केले तर ती चढाओढ नव्हे, ती शरणागती होते.

मग मच्छीमार सोसायटी आणि फीबस यांच्यात फरक कोणता? आम्हांला सुचणारी एक कसोटी अशी : झालेला ठराव गिऱ्हाइकासमोर वाचून दाखवता येईल का? डिझेल महागले, बर्फ महागला, म्हणून अमुक भावाखाली मासळी द्यायची नाही, हा सोसायटीचा ठराव बंदरावर माईक लावून वाचता येतो. घेणारा कुरकुर करील, पण आपण कोणाशी भाव करतो आहोत हे त्याला ठाऊक असते. युनियन तर आपल्या मागण्या गेटवर फलकावर लिहून लावते. फीबसचा दंडाचा तक्ता कोणत्याही दुकानात लावता आला नसता. आपल्याकडे जुन्या बाजारात रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवीत आणि ज्याचा माल तो शेतकरी बाजूला उभा राहून रुमालाकडे बघत असे. उघड लिलावाचा कायदा आला तो त्यासाठीच.

पण ही कसोटी पुरेशी नाही, हेही कबूल केले पाहिजे. तेल निर्यात करणाऱ्या देशांची ओपेक ही संघटना १९६० पासून आहे. तेल किती काढायचे ते तिचे मंत्री बैठकीत ठरवतात आणि पत्रकारांना बोलावून सांगतात. लपवाछपवी नाही, तरीही त्याची झळ आपल्या रिक्षावाल्याला बसतेच, कारण त्याला दुसऱ्या दारी जाता येत नाही. तेव्हा दुसरा प्रश्न विचारावा लागतो : ज्याला हा ठराव मान्य नाही त्याला दुसरी वाट मोकळी आहे का? या प्रश्नापाशी काही युनियनही नापास होतात. सभासद न होणाऱ्याची रिक्षा फोडणारी, स्वस्तात पाणी देणाऱ्याचा टँकर अडवणारी संघटना स्वतःला गरिबांची म्हणवत असली तरी ती फीबसच्याच जातकुळीतली आहे.

आणि वाट मोकळी करण्याचे कामही माणसे एकत्र येऊनच करू शकतात. फीबसच्या अमलाखालील स्वीडनमध्ये हेच घडले. तेथील ग्राहकांच्या सहकारी संघाने यापूर्वी मार्गरीनच्या आणि रबरी पादत्राणांच्या कार्टेलशी टक्कर दिलेली होती. आता त्यांनी स्टॉकहोममध्ये लुमा नावाचा स्वतःचा बल्बचा कारखाना काढला, आणि १९३१ च्या सुमारास नॉर्वे, डेन्मार्क, फिनलंडच्या सहकारी संस्था त्यात सामील झाल्या. बल्बचे भाव खाली आले. सहकार हा शब्द महाराष्ट्राला कोणी शिकवायला नको. आपल्या गावोगावच्या पतपेढ्या आणि सोसायट्या आपल्या आजोबा-पणजोबांनी सावकाराच्या दारातून सुटण्यासाठीच उभ्या केल्या. योगायोग असा की त्याच १९३१ साली पोप पायस अकरावे यांनी आपल्या परिपत्रकात, अनिर्बंध स्पर्धेने शेवटी स्वतःचाच गळा घोटला आणि तिच्या जागी मूठभरांची आर्थिक हुकूमशाही आली, अशा अर्थाचा इशारा दिला होता.

आता एका अवघड ठिकाणी येऊ. आपल्या धर्मग्रामात कंत्राटदार आहेत, डेकोरेटर आहेत, केटरर आहेत, टँकरमालक आहेत. त्यांच्यापैकी एखादा धंद्याच्या असोसिएशनच्या बैठकीला जातो. चहा होतो, गप्पा होतात आणि मग कोणीतरी म्हणतो, 'यंदाच्या सीझनला या आकड्याखाली कोणी जायचे नाही.' सगळे माना डोलावतात. आपला माणूस लहान आहे. उद्या मोठ्यांनी त्याचा माल अडवला तर त्याची चूल बंद पडेल. तो काही बोलत नाही. तो दोषी आहे का?

नीतिशास्त्रात दुष्कृत्यातील सहभागाचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक, त्या कृत्याला मनाने होकार देऊन केलेला. दुसरा, मनाने होकार नसताना परिस्थितीच्या रेट्याखाली घडलेला. दुसऱ्याचा दोष कमी धरला जातो, कधी कधी धरलाही जात नाही, पण त्यासाठी भीती खरी असावी लागते आणि सुटकेची वाट शोधत राहावे लागते. पहिल्या वर्षी गप्प बसलेला माणूस तिसऱ्या वर्षी तोच आकडा स्वतः सुचवू लागला, तर तो रेट्याखाली होता असे म्हणणे कठीण आहे. बैठक सोडून येणे, आपला भाव आपणच काढणे, निदान ज्याची परिस्थिती बेताची आहे त्याला तो आकडा न लावणे, हे बहुतेकांना शक्य असते. आम्ही हे खुर्चीत बसून लिहितो आहोत, धंद्यात उभे राहून नव्हे, याची जाणीव आहे. तरीही ते लिहिणे भाग आहे, कारण मोठ्या कार्टेलांची बातमी वाचून चीड येणे सोपे असते.

कायद्याने अशा माणसाला एक दार उघडे ठेवले आहे. स्पर्धा आयोगाच्या नियमांनुसार जो सभासद सर्वात आधी येऊन सगळी हकिगत आणि पुरावे देतो त्याला दंडात १०० टक्क्यांपर्यंत सूट मिळू शकते, दुसऱ्याला ५० टक्क्यांपर्यंत, तिसऱ्याला ३०. सप्टेंबर २०२१ मध्ये बिअर कंपन्यांना ८७३ कोटींच्या आसपास दंड झाला तेव्हा सर्वप्रथम माहिती देणाऱ्या कंपनीला एक रुपयाही भरावा लागला नाही. काहींना हे अन्यायाचे वाटते, पण संगनमत हे मुळात परस्परांवरील विश्वासावर चालते, आणि त्या विश्वासाला तडा देण्याचा याहून चांगला उपाय अजून सापडलेला नाही. मात्र याला प्रायश्चित्त संस्काराशी तोलू नये. आयोग विचारतो, पहिला कोण आला? प्रभूच्या द्राक्षमळ्यात शेवटच्या तासाला आलेल्यालाही पूर्ण मजुरी मिळते. उलट, आयोग ज्याची चौकशी करीत नाही ते प्रायश्चित्त संस्कारात विचारले जाते : घेतलेले परत केलेस का?

इथे मात्र आधुनिक कार्टेल जुन्या चोरीहून वेगळे पडते. जक्कयाने कोणाला लुबाडले ते त्याला ठाऊक होते, म्हणून चौपट परत करायची तयारी तो दाखवू शकला. सिमेंटच्या गोणीवर जास्त घेतलेले रुपये लाखो अनोळखी घरांतून आलेले असतात. आयोगाने वसूल केलेला दंड सरकारच्या तिजोरीत, भारताच्या संचित निधीत जमा होतो; ज्याच्या स्लॅबला ती गोणी गेली त्याच्या हाती त्यातले काही पडत नाही. कायद्यात नुकसानभरपाई मागण्याची तरतूद आहे, पण त्यासाठी अपील न्यायाधिकरणाकडे अर्ज करून नुकसान दाखवावे लागते, आणि पंधरा गोण्यांचे बिल दहा वर्षे सांभाळून ठेवणारा माणूस विरळाच. जुन्या नीतिशास्त्रकारांनी अशा प्रसंगासाठी सांगून ठेवले आहे की, ज्याचे घेतले तो सापडत नसेल तर ते गरिबांना द्यावे. ते स्वतःकडे ठेवून घेण्याची मुभा त्यांनी कोठेही दिलेली नाही. लहान धंदेवाल्याची गोष्ट मात्र वेगळी असते. लग्न कोणाचे होते, टँकर कोणत्या सोसायटीत रिकामा केला, छप्पर कोणत्या शाळेचे होते, हे त्याच्या वहीत लिहिलेले असते. पुढच्या कामात तेवढी रक्कम कमी लावता येते. तेही जमत नसेल तर नाव न सांगता धर्मगुरूमार्फत पैसे परत करण्याची वाट ख्रिस्तसभेत जुनी आहे. लिफाफा कोणाचा, हे त्यात विचारले जात नाही.